दोन्ही थप्प्या अठरा

एक

माझ्या बहिणीच्या संख्येचा भर सभागृहात खून झाला, आणि खुनी शोधायचं सोडून सगळे जण माझ्या बहिणीकडेच बघत राहिले.

खून हा शब्द जास्त वाटत असेल तर वाटू दे. तुम्ही ती संख्या पाहिली नव्हती. आमच्या घरात ती सत्रभर सहाव्या माणसासारखी राहत होती. आई, बाबा, आत्या, मी, मुंगी आणि ती.

शाळेच्या गणित प्रदर्शनाचा नियम सोपा. प्रत्येकाने एक मोठी संख्या निवडायची, निदान आठ अंकांची, आणि तिची पूर्ण ओळख करून घ्यायची. कशाकशाने भाग जातो, मूळ अवयव कोणते, ती कोणत्या गटात बसते. मग फळ्यावर ती ओळख मांडायची. वर खिळ्यांना शाळेचे तळहाताएवढे लाकडी अंक टांगायचे, खाली तक्ता चिकटवायचा.

माझी बहीण सहावीत आहे. आम्ही तिला मुंगी म्हणतो, कारण ती आहे एवढीशी आणि सतत स्वतःपेक्षा मोठं काहीतरी ओढत असते. या वेळी तिने ओढून आणली होती ४३६४८६०५.

ही साधीसुधी संख्या नाही. कुठल्याही संख्येचे विभाजक घ्या, म्हणजे ज्यांनी तिला पूर्ण भाग जातो ते सगळे आकडे. त्यातून ती स्वतः वगळा आणि बाकीच्यांची बेरीज करा. बेरीज संख्येपेक्षा कमी आली तर संख्या न्यून, तेवढीच आली तर परिपूर्ण, जास्त आली तर विपुल. विषम संख्या बहुतेक न्यूनच निघतात. मुंगीची विषम होती आणि तरी विपुल होती. दोनशे छप्पन विभाजक, आणि बेरीज सव्वासात कोटींच्या आसपास, म्हणजे संख्येच्या दीडपटीहून जास्त. हे सगळं तिने हाताने केलं होतं, आत्याच्या छापखान्यातून आणलेल्या रद्दी कागदांच्या पाठीवर.

परीक्षक निवासी गणित विद्यालयातून आले होते. दर वर्षी ते आमच्या शाळेतून एकच मूल निवडतात. राहणं, जेवण, शिकणं, सगळं तिकडे. मुंगीला तिकडे जायचं होतं. ती हट्ट करत नाही, पण बॅगेत काय काय न्यायचं ते तिने मनात ठरवलेलं मला माहीत होतं.

"विषम आणि विपुल?" परीक्षक तक्त्यासमोर थांबले. "बघू तरी." त्यांनी वही काढली आणि टांगलेले अंक मोठ्याने वाचले. "चार, तीन, आठ, चार, सहा, सहा, शून्य, पाच. सातने भागू."

ते 'आठ' म्हणाले तेव्हा मुंगीने मान वळवून फळ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मग मिटलं.

"बाकी पाच," परीक्षक म्हणाले. "तक्त्यात सात आहे. संख्येत सात नाही. हे काम कोणी केलं, बाळ?"

मुंगी गप्प.

"घरी कोणी करून दिलं का?"

ती गप्पच. तेव्हा आमचे गणिताचे सर, ज्यांना कोणी विचारलं नव्हतं, ते म्हणाले, "हिची आत्या छापखान्यात आकडे तपासते."

"मग बरोबर आहे," परीक्षक म्हणाले आणि वही मिटून पुढच्या फळ्याकडे गेले. तिथे मुंगीच्या तोडीचा शाळेतला एकच मुलगा, चष्मिस, उभा होता.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मी तक्त्यावरचे मूळ अवयव माझ्या तळहातावर उतरवले आणि जिन्यात बसून गुणाकार केला. तीन तीनदा, मग पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस.

उत्तर आलं ४३६४८६०५. फळ्यावर टांगलेलं होतं ४३८४६६०५. सहा आणि आठ एकमेकांच्या जागी होते.

आणि आदल्या संध्याकाळी, आत्या आम्हाला न्यायला येईपर्यंत, मी स्वतः मुंगीला एकेक अंक हातात दिला होता. तेव्हा ते बरोबर होते.

दोन

"म्हणजे तिने चुकीचे टांगले," मोठ्या बाई म्हणाल्या. आम्ही मुख्याध्यापिकांना मोठ्या बाई म्हणतो.

"बाई, मी तिथे होते. बरोबर टांगले होते. नंतर कोणीतरी बदलले."

"आणि तिला दिसलं नाही? जिने सत्रभर ही संख्या सांभाळली, तिला स्वतःची संख्या ओळखता आली नाही?"

बाईंनी टेबलावरून एक कागद पुढे केला. सोमवारी सकाळी मुंगीने माफीपत्र द्यायचं. हे काम माझं नाही, घरच्या मोठ्या माणसांनी करून दिलं. सही केली की विषय संपला. विद्यालयाची जागा मग चष्मिसला. सही नाही केली तर पुढच्या कुठल्याही स्पर्धेत तिचं नाव जाणार नाही.

घरी बाबा म्हणाले, "सही करून टाक आणि मोकळी हो. एवढ्याशा गोष्टीवरून कशाला डोकं फिरवून घ्यायचं?" मी म्हणाले, "बाबा, तुमचं डोकं फिरायला नक्की किती मोठी गोष्ट लागते?" आणि ताटावरून उठले. आदल्या संध्याकाळीही घरात पाऊल टाकल्या टाकल्या आईची बोलणी खाल्ली होती, डबे तसेच दप्तरात राहतात म्हणून, आणि रुसून मी माझा आणि मुंगीचा असे दोन्ही डबे घासून पालथे घातले होते. या घरात माझं रुसणं कोणी मनावर घेत नाही.

मुंगी खिडकीत बसली होती.

"सकाळी फळा बघितला नव्हतास का?"

"तपासला होता."

"कसा?"

तिने माझ्याकडे बघितलं, जणू मी दात कसे घासतात असं विचारलं होतं. "आत्यासारखा."

आत्या म्हणते, डोळा आकडा वाचत नाही, आठवतो. माहीत असलेला आकडा समोर असला की डोळा जे असायला हवं तेच बघतो. म्हणून ती छापखान्यात आकडे वाचतच नाही. मोजते. आधी सगळ्या अंकांची बेरीज. ही नऊची कसोटी. मग एकाआड एक अंकांच्या दोन थप्प्या करून दोन बेरजा. ही अकराची. दोन्ही कसोट्या मूळ प्रतीशी जुळल्या की आकडा पास. मुंगी पाच वर्षांची असल्यापासून आत्याजवळ बसून हेच करते. ओठ हलतात, आवाज नसतो.

मी कागद ओढला. बरोबर संख्या ४३६४८६०५. एक थप्पी चार, सहा, आठ, शून्य. अठरा. दुसरी तीन, चार, सहा, पाच. अठरा. एकूण छत्तीस.

मग चुकीची, ४३८४६६०५. चार, आठ, सहा, शून्य. अठरा. तीन, चार, सहा, पाच. अठरा.

मी पेन खाली ठेवलं. शेजारशेजारचे कुठलेही दोन अंक बदलले असते तर थप्प्या बिघडल्या असत्या. सहा आणि आठ एकाच थप्पीतले होते. तिथे अदलाबदल केली तर मुंगीला कधीच कळलं नसतं.

चुकून हात लागलेला नव्हता. ज्याने बदलले त्याला कुठे बदलायचे ते माहीत होतं.

तीन

शनिवारी मी सगळ्यात आधी चष्मिसला गाठलं. तो पाण्याच्या नळापाशी चष्मा धूत होता. चष्म्याशिवाय तो पिल्लासारखा दिसतो, पण मी कीव करण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

"तूच केलंस."

"काय?"

"जागा तुला मिळणार. फायदा तुझा."

"फायदा माझा, हे बरोबर," तो चष्मा पुसत म्हणाला. "पण माझा फळा बाबांनी दुपारीच लावला आणि मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. सकाळी मी नेहमीसारखा उशिरा आलो. परीक्षकांच्या मागोमाग. सरांनी सगळ्यांसमोर कान धरला, तू हसलीस."

हसले होते खरी.

"आणि मी केलं असतं तर शेवटचा पाच हलवला असता," तो पुढे म्हणाला. त्याला थांबता येत नाही, हा त्याचा दोष आहे. "पाच शेवटी नसला की पाचने भाग जात नाही हे लांबून दिसतं. परीक्षकांना भागाकारही करावा लागला नसता. तुझ्या माणसाने बघ काय केलं. पाचचा भाग ठेवला, नऊचा ठेवला, अकराचा ठेवला. म्हणजे त्याला वाटत होतं की परीक्षक यायच्या आधी कोणीतरी तपासणार, आणि त्या कोणालातरी सापडायला नको."

"जास्त शहाणपणा करू नकोस."

"तूच विचारलंस," तो म्हणाला. "बाय द वे, मला अशी जागा नकोय. पण मिळाली तर नाही म्हणणार नाही."

निदान खरं बोलला.

शिपाईकाका सभागृहात फळे उतरवत होते. सर आधीच त्यांच्यावर घसरले होते, झाडताना अंक पडले असतील आणि कसेही अडकवले असतील म्हणून. काका तेव्हापासून धुमसत होते.

"माझ्या हातून एक अंक पडला असता तर मी सांगितलं नसतं? इथे वीस वर्षं काच फुटली तरी मीच सांगतो."

"काका, मला माहीत आहे. सकाळी दार कोणी उघडलं?"

"मी. सर माझ्याबरोबर. मग पोरं."

"आणि संध्याकाळी आम्ही गेल्यावर?"

"कुलूप लावत होतो, तेवढ्यात तुमच्या आत्या परत आल्या, धाकटीचा डबा राहिला म्हणून. मी म्हटलं घ्या. तेवढ्यात मी वरचे पंखे बंद करून आलो. मग लावलं कुलूप. बास. आता सांग, यात माझं काय चुकलं? सर म्हणतात..."

"सरांचं काय घेऊन बसलात," मी म्हणाले, कारण सर दारातून आत येताना दिसले आणि माझं रक्त पुन्हा उकळायला लागलं.

सरांनी मला पाहून घड्याळ बघितलं.

"सर, सकाळी तुम्ही सगळे फळे तपासले होते?"

"अर्थात. टांगलेल्या सगळ्या संख्यांवर नऊची कसोटी मारली. तुझ्या बहिणीचे छत्तीस. बरोबर आले. माझ्याकडून काही राहिलं नाही."

"आणि अकराची?"

"अकराची कोण करतं गं?" सर हसले. "परीक्षेत एका गुणाला येते, मग आयुष्यभर कोणाला लागत नाही. हे बघ, तू मोठी बहीण आहेस, तिला समजाव. गप्प राहून काही होत नाही."

मी त्यांना धन्यवाद दिले. अगदी मनापासून. त्यांना का ते कळलं नाही, आणि फाटकापर्यंत पोचेपर्यंत मलाही नीट कळलं नव्हतं.

मग मी रस्त्याच्या मधोमध थांबले आणि एका सायकलवाल्याने मला शिवी दिली.

शाळेत सगळे फक्त नऊची कसोटी करतात. मग अकराची का सांभाळली? अकराची एकच मुलगी करते, आणि ती करताना आवाज काढत नाही. शाळेत कोणालाच ते ठाऊक नाही. ते फक्त आमच्या घरात ठाऊक आहे.

आणि डबा? तो काका सांगत होते त्या वेळेला आमच्या ओट्यावर पालथा पडलेला होता. मीच घासला होता.

चार

शनिवारी छापखाना अर्धा दिवस असतो, पण आत्या मागे थांबते. खाली यंत्रं बंद झाली होती, तरी जमीन अजून थरथरतेय असं वाटत होतं. शाईचा वास जिन्यापासून सुरू होतो आणि केसांत शिरतो. वरच्या खोलीत आत्या एकटी, पुढ्यात गाड्यांच्या वेळापत्रकाची ओली पानं, हातात पेन्सिल. ओठ हलत होते.

मी एक चिठ्ठी तिच्या पानावर ठेवली. त्यावर दोन संख्या, एकाखाली एक.

"यातली बरोबर कोणती?"

आत्याने पाहिलं. "वरची."

"मोजलं नाहीस."

"काय?"

"ओठ हलले नाहीत तुझे. आत्या, तू दूधवाल्याचं बिलसुद्धा दोन थप्प्या करून बघतेस. ही संख्या तू डोळ्याने ओळखलीस. वरची बरोबर आणि खालची चूक, हे मोजून कळलंच नसतं. दोन्हींच्या थप्प्या अठराच आहेत."

पेन्सिल खाली आली.

"तू परत गेलीस," मी म्हणाले. माझा आवाज चढत होता आणि मी त्याला चढू दिला. "आम्हाला म्हणालीस पुढे व्हा, मला दुकानात जायचंय. काकांना म्हणालीस डबा राहिला. डबा मी घरी घासत होते. सकाळी ती तपासणार आणि कशी तपासणार हे तुला माहीत होतं, कारण ते तूच तिला शिकवलंस. तू तिच्या मांडीवर... तिला मांडीवर बसवून शिकवलेली गोष्ट तू तिच्यावर वापरलीस."

"बस खाली."

"मी बसणार नाही."

तिने माझी चिठ्ठी पालथी घातली. "मला वाटलं, परीक्षक एखादा भागाकार करतील. चूक निघेल. म्हणतील, पुढच्या वर्षी ये. तिला खोटारडी ठरवतील हे माझ्या डोक्यात नाही आलं. देवाशपथ नाही आलं."

"आणि पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी कुठले दोन अंक बदलणार होतीस?"

तिने ओली पानं एकावर एक नीट लावली.

"का पण?"

"का?" आता तिचाही आवाज चढला. "घरी आल्यावर माझ्याशी कोण बोलतं गं? तुझा बाप टीव्हीशी बोलतो. तुझी आई मला विचारते, चहा टाकू का. तू येतेस आणि दार आपटून जातेस. ती एकटी माझ्याजवळ येऊन बसते. आणि ती अकरा वर्षांची पोर तुम्ही उचलून लांब पाठवणार, आणि मी काय म्हणायचं? शाब्बास?"

मला क्षणभर वाईट वाटलं. वाईट वाटलं याचा मला आणखी राग आला.

"हो," मी म्हणाले. "शाब्बास म्हणायचं. सोमवारी शाळेत ये आणि सांग."

"येईन सोमवारी," आत्या म्हणाली. तिने पुन्हा पेन्सिल उचलली. सांगेन, असं ती म्हणाली नाही. हे मला घरी पोचल्यावर लक्षात आलं.

पाच

मुंगी टेबलाशी बसून माफीपत्र लिहीत होती. शाईच्या पेनने, सुवाच्य अक्षरात.

"फाड ते," मी म्हणाले. "मला माहितीये कोणी केलं."

"मलाही."

मी उभीच राहिले.

"ते आठ म्हणाले तेव्हाच," ती म्हणाली, ओळ पूर्ण करत. "तिसऱ्या जागी आठ नसतो, सहा असतो. आणि मी सकाळी तपासलं होतं. मग थप्पी न बिघडवता कोण बदलू शकतं? आपल्याकडे एकच माणूस आहे."

मी दोन दिवस रक्त आटवून जे शोधलं होतं ते तिने एका अंकाच्या अवधीत शोधलं होतं. तोंड उघडून मिटलं होतं ना, तेवढ्यात.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर सगळ्यांनी विचारलं असतं, कोणी केलं. आत्याचं काम काय आहे? अंक बरोबर ठेवायचं. जी बाई अंक बदलते तिला छापखान्यात कोण ठेवेल?" तिने पेनाचं टोपण लावलं. "ताई, तू कोणाला सांगायचं नाहीस."

"मी सगळ्यांना सांगणार आहे. ओरडून."

"सांगितलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

इतर मुली असं म्हणतात आणि जेवायच्या वेळेला विसरतात. मुंगी विसरत नाही. मी तिच्याशी भांडले, तिला बावळट म्हणाले, त्यागमूर्ती म्हणाले, उशी फेकली. तिने उशी परत पलंगावर नीट ठेवली. शेवटी मी शब्द दिला.

रविवारभर ती रद्दी कागदांचा गठ्ठा घेऊन बाल्कनीत बसली होती. मला वाटलं, माफीपत्राच्या आणखी प्रती करतेय. मी तिकडे बघितलंसुद्धा नाही, इतकी चिडले होते. तिच्यावर, आत्यावर, सरांवर, आणि आपल्या जागी शांतपणे पेपर वाचणाऱ्या बाबांवर.

सहा

सोमवारी आत्या खरंच आली. इस्त्रीची साडी नेसून, पर्स छातीशी धरून. मोठ्या बाईंच्या खोलीत एक लांब टेबल आहे, भिंतीवर सुविचाराचा छोटा फळा आहे, आणि बसायला एकच खुर्ची कमी असते. उभं कोणी राहायचं ते बाई ठरवतात. मी उभी होते. सर बसले होते.

मुंगीने पत्र टेबलावर ठेवलं. सही राहिली होती. बाईंनी पेन दिलं.

"थांबा," आत्या म्हणाली.

सांगणार ती. आपण उगीच...

"पोरीचा दोष नाही," आत्या म्हणाली. "ते काम मीच करून दिलं. सगळं. संख्या मी शोधली, अवयव मी काढले. तिने फक्त तक्ता लिहिला. तिला खोटारडी म्हणू नका. चूक माझी आहे."

सर मान डोलवत होते. बाईंचा चेहरासुद्धा मऊ झाला. काय सुंदर तोडगा होता. मुंगी खोटारडी नाही, आत्या प्रेमळ, शाळा बरोबर, विषय बंद. फक्त संख्या गेली. मी जीभ इतकी चावली की रक्ताची चव आली. शब्द दिला होता ना.

मुंगीने पेन खाली ठेवलं.

"तू केलंस?" तिने आत्याला विचारलं.

"हो, बाळा. सांगून टाकू आता."

मुंगी उठली. खुर्ची फळ्याशी ओढून तिच्यावर चढली आणि सुविचार पुसून टाकला. तो परिश्रमाबद्दल होता. मग तिने लिहिलं, ४३८४६६०५.

"ही माझी संख्या नाही," ती म्हणाली. "ही प्रदर्शनात फळ्यावर होती ती. चुकीची. तू अवयव काढतेस ना? काढ हिचे."

"मुंगे, हे काय..."

"काढ ना."

आत्याचे ओठ हलायला लागले. "पाच. नऊ. अकरा."

"म्हणजे तीन दोनदा, पाच, अकरा. उरले अठ्ठ्याऐंशी हजार पाचशे एकोणऐंशी. पुढे?"

सरांनी खिशातून पेन काढलं आणि पत्राच्या पाठीवरच काहीतरी सुरू केलं. सातने भाग जाईना, तेराने जाईना. आत्याचे ओठ हलायचे थांबले. तिला आकडा चुकला की नाही ते कळतं. आकडा आतून कशाचा बनलाय ते तिला कधीच कळत नव्हतं. ते शोधायला ती मुंगीला विचारायची, आणि मुंगी सांगायची. हे आमच्या घरात मी रोज बघत होते आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

मुंगीने लिहिलं, २८३ × ३१३.

"काल सगळा दिवस गेला यात," ती म्हणाली. "एकेक मूळ संख्या लावत गेले. दोनशे त्र्याऐंशीला सापडला. हिला अठ्ठेचाळीसच विभाजक आहेत. स्वतःला सोडून बेरीज तीन कोटी शहाण्णव लाख बावीस हजार एकशे एकतीस. संख्येपेक्षा कमी. ही न्यून आहे."

सरांनी गुणाकार केला, मग पुन्हा केला. "बरोबर आहे, बाई," ते पुटपुटले.

मुंगी खुर्चीवरच उभी होती, म्हणून पहिल्यांदाच ती आत्याच्या डोळ्यांत सरळ बघू शकत होती. ती रडत नव्हती. मी तिला चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. आमच्या घरात ते खातं माझ्याकडे आहे.

"तू माझी विपुल संख्या न्यून केलीस, मी काही बोलले नाही," ती म्हणाली. "आजही सही केली असती. पण ती तू शोधलेली नाहीस, आत्या. ती मी शोधली. ती माझी आहे."

मोठ्या बाई हळूच आत्याकडे वळल्या. त्यांना काही विचारावं लागलं नाही.

"अंक मी बदलले," आत्या म्हणाली. "प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी. डब्याचं निमित्त करून."

मी शब्द मोडला नव्हता. पण आता मी बोलू शकत होते, आणि मी बोलले. सरांना बोलले, की तुम्ही न विचारता तोंड उघडलंत आणि तपासायचं तेव्हा नुसती बेरीज करून मोकळे झालात. शिपाईकाकांची माफी मागा म्हणाले. बाईंना म्हणाले, की गप्प बसलेल्या मुलीला खोटारडी ठरवायला तुम्हाला एक दुपार पुरली. आणखीही बोलले असते, पण बाईंनी हात वर केला. त्या मला रागावल्या नाहीत. नोंद घ्या.

"छापखान्याला मी काही कळवणार नाही," बाई आत्याला म्हणाल्या. "पण परीक्षकांना तुम्ही सांगायचं. आत्ता. माझ्यासमोर." आणि त्यांनी फोन फिरवून तिच्यापुढे सरकवला.

आत्याने सांगितलं. नाव, नातं, काय केलं, का केलं. 'का'पाशी ती थांबली आणि पुन्हा सुरू झाली. मग परीक्षकांनी फोन मुंगीला द्यायला सांगितला. मुंगी फोनमध्ये म्हणाली, "दोनशे त्र्याऐंशी आणि तीनशे तेरा." मग म्हणाली, "हो, दोन्ही मूळ." मग फक्त "हो", "हो", "जूनमध्ये, हो".

शाळेच्या आवारातून आम्ही तिघी एकत्र बाहेर पडलो, म्हणजे मी आणि मुंगी पुढे, आत्या थोडी मागे. मला अजून खूप बोलायचं होतं, पण आत्याच्या पर्सचा पट्टा तिच्या हातात असा पिळलेला होता की शब्द सापडेनात. माझा राग गेलेला नव्हता. अजूनही गेलेला नाही.

फाटकापाशी आत्याने विचारलं, "मुंगे, एक सांग. एकेक मूळ संख्या लावत जायचं, ते कुठे थांबायचं? सापडलाच नाही, तर थांबायचं कधी, ते कसं कळतं?"

तिला खरंच ते माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं.

मुंगी चालत राहिली. रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि तिथे थांबून मागे वळली.

"कळवीन," ती म्हणाली. "तिकडे गेल्यावर. पत्राने."